गायरान, माळ, ओढा आणि प्लॉटिंग : गावाच्या जमिनीचा वापर कसा ठरवावा

प्रश्न एका तरुण ग्रामपंचायत सदस्याचा आहे. त्यांचं गाव पुण्याच्या पूर्वेला, दौंड-बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात. पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. वरच्या अंगाला वनखात्याचा माळ, त्याला लागून गायरान, खाली ओढा आणि ओढ्याकाठी ऊस. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, गायरानावर 'घनवन', म्हणजे दाटीने लावलेलं छोटं जंगल, करून देण्याची तयारी दाखवली आहे. एक सौर प्रकल्पवाला त्याच जागेसाठी विचारतो आहे. हायवेच्या बाजूने प्लॉटिंग सुरू झालं आहे. त्यांनी विचारलंय, "या पडीक जमिनीचा शाश्वत वापर नेमका कशात आहे?"

माझं मत आधी सांगतो. गायरानावर घनवन नको. सौर प्रकल्प हवा असेल तर जरूर करा, पण त्याला गावात दुसरी जागा शोधा. गायरान कुरण म्हणून राखा. आणि या तिन्हीपेक्षा तातडीचं काम ओढ्याचं आणि प्लॉटिंगचं आहे, ज्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. पाणलोटाची आणि कुरणांची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

सुरुवात 'पडीक' या समजुतीपासून करू, कारण पुढच्या सगळ्या चुका तिथून निघतात. तुमचा माळ एप्रिलमध्ये पाहिला तर तो ओसाडच दिसणार. तोच सप्टेंबरच्या मध्यावर चालून पाहा. शेळ्या-मेंढ्यांनी अगदी खरवडून काढला नसेल तर पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी गवत हाताला लागेल. मधूनमधून हिवर, बोर, तरवड, हेकळ, एखादी बाभूळ. झाडं विरळ, गवत दाट. माती वीतभर किंवा त्याहून कमी, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. एवढ्या उथळ मातीत आणि एवढ्या पावसात ही रचना आपोआप टिकून आहे. गवताची मुळं त्या वीतभर मातीला जाळ्यासारखी धरून असतात, वळवाचा पहिला दणका तीच झेलतात. ती उखडली की दोन-तीन पावसाळ्यांत माती ओढ्यात येते आणि माळावर नुसता मुरूम उरतो. तो मुरूम पुन्हा माती व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात.

बऱ्याच सुशिक्षित लोकांना मनापासून वाटतं की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तोडलं गेलं, आता ते परत आणायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर, मावळात काही ठिकाणी हे खरं आहे. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जुन्या मराठी साहित्यातले, लोककथांतले रानवनस्पतींचे उल्लेख धुंडाळले आणि ती झाडंझुडपं कुठल्या परिसरातली आहेत हे तपासलं. उल्लेखांत मोकळ्या माळाच्या, काटेरी झाडांच्या, विरळ रानाच्या खुणाच जास्त निघाल्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा भाग गवताळ माळच होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी जंगल कापून हा माळ केलेला नाही. तो आधीपासूनच असा आहे, आणि त्याची स्वतःची जीवसृष्टी आहे.

ती जीवसृष्टी तुमच्या गावातही असणार. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, ससा. पक्ष्यांत चंडोल, पखुर्डी, धाविक, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवते. यांतल्या बहुतेकांना लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते. चिंकारा झाडीत घुसून जीव वाचवत नाही, लांबून धोका पाहतो आणि पळतो. चंडोल जमिनीवर घरटं करतो. बारामतीजवळ सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे, कर्जतजवळचं रेहेकुरी काळविटांसाठी. दोन्ही अगदी छोटी. मयूरेश्वर पाच चौरस किलोमीटरच्या जरा वर, रेहेकुरी त्याच्या निम्म्याहूनही लहान. त्यांच्याबाहेरचे हे प्राणी तुमच्यासारख्या गावांच्या गायरानावर आणि माळावरच जगतात. अभयारण्य जाहीर केलं की काम संपतं असंही नाही. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात जे अभयारण्य झालं ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, त्यात गावंच्या गावं आली. लोकांची कोंडी झाली, रोष वाढला, पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. माळढोक मात्र जवळपास संपला. त्यामुळे वरून आखलेल्या रेघेपेक्षा गावाने स्वतः राखलेल्या शेदोनशे एकरांवर माझा जास्त भरवसा आहे.

आता घनवन. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं, त्यासाठी जमीन खोल खणून तिच्यात भुसा, शेणखत भरायचं आणि दोन-तीन वर्षं टँकरने पाणी घालायचं, अशी ही पद्धत. शहरात, शाळेच्या आवारात, कारखान्याच्या कडेला, जिथे जमीन आधीच बिघडलेली आहे आणि पाणी हाताशी आहे, तिथे ती चालते. तुमच्या गायरानावर ती करायची तर आधी जेसीबीने गवताचा थर आणि मुरूम फोडावा लागणार. म्हणजे आज फुकट काम करणारी जित्याजागत्या मुळांची चादर मोडायची आणि तिच्या जागी, पाणी तोडल्यावर मरतील अशी रोपं लावायची. शिवाय गवताळ माळाने साठवलेला कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. खणल्यावर त्यातला बराचसा हवेत जातो. हवामानासाठी म्हणून केलेलं काम हवामानाच्याच विरुद्ध पडतं.

हे फक्त कंपन्यांचं नाही, सरकारी वनीकरणही बरीच वर्षं असंच चाललं. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, शेवटच्या एका वर्षात तेहतीस कोटी. एवढे आकडे गाठायचे तर जागा कुठली मिळणार? मोकळा माळच. माळावर जगवायला सोपं आणि गुरं ज्याला तोंड लावत नाहीत असं झाड हवं, म्हणून ग्लिरिसिडिया. पुण्याच्या टेकड्यांवर त्याचं काय झालं ते जाऊन पाहा. झाडं हिरवीगार आहेत, पण खाली गवत नाही, शेळीला चारा नाही, चंडोलाला जागा नाही. त्याच्या जोडीला सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच पातळीत आडवे खणलेले लांब चर. उघड्या, धूप होणाऱ्या उतारावर चर उपयोगी आहेत, मी स्वतः पुष्कळ खणून घेतलेत. पण चांगलं गवत असलेल्या माळावर चर म्हणजे दर काही मीटरवर ती चादर फाडणं. तिथे ओघळींमध्ये अनघड दगडांचे छोटे बांध पुरतात. बाकी काम गवत करतं.

झाडं लावायचीच नाहीत असं मी म्हणत नाही. झाडांना हक्काच्या जागा आहेत. ओढ्याच्या दोन्ही काठांवर करंज, जांभूळ, उंबर. शेताच्या बांधांवर बोर, बाभूळ, कडुनिंब, शेवगा, हादगा. गावठाणात आणि रस्त्याकडेला वड, पिंपळ, चिंच. देवाच्या नावाने राखलेला झाडोरा कुठे शिल्लक असेल तर त्याच्या कडेने. या जागी माती खोल आहे, ओल आहे, माणसांची ये-जा आहे, म्हणून झाड जगतं. कंपनीला हेच कळवा: पैसा द्यायचा असेल तर ओढाकाठच्या झाडांना द्या, आणि गायरानासाठी राखणदाराचा पगार व गवताचं बियाणं द्या. काही कंपन्या ऐकतात. ज्या फक्त रोपांचा आकडा मागतात त्यांना नाही म्हणण्यात गावाचं काही जात नाही.

कुरण राखणं हे फुकटचं किंवा आळसाचं काम नाही, त्यात व्यवस्थापन आहे. मी सांगतो ती रीत नवी नाही. गायरानाचे तीन किंवा चार तुकडे करा, दगडांच्या खुणा पुरेत. दर वर्षी एक तुकडा मृगापासून गवताचं बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, पूर्ण बंद. बी पडलं की विळ्याने कापणी, आणि कापणीनंतर जनावरांना मोकळा. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. जिथे गवत पारच गेलंय तिथे मारवेलाची ठोंबं आणि पवन्याचं बी पहिल्या चांगल्या पावसावर टाका. नांगरू नका, नुसतं ओरखडून टाका. दोन पावसाळ्यांत फरक डोळ्यांना दिसतो. वर्षभर मोकळ्या चराईखाली असलेला माळ हेक्टरी जेमतेम टनभर वाळलं गवत देतो. नीट राखला तर दोन-तीन टनांपर्यंत जातो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांपुढे लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. गावाची स्वतःची गवताची गंज असणं म्हणजे काय, हे त्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव इथे कुणीतरी काढेलच, आणि ते काढावंही. साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पावसाच्या त्या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, गवत कापून न्यायची पद्धत बसवली, सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं, उसाला नाही म्हटलं आणि दर वर्षी पावसाचा हिशोब मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. पोपटराव पवारांच्या त्या कामातला माझ्या मते सर्वांत मोठा धडा बंधाऱ्यांचा नाही. माळ, शेत आणि विहीर या तिन्हींवर एकाच वेळी, एकाच सभेत निर्णय झाले, हा आहे. बाकीच्या गावांनी बंधारे उचलले आणि बंधनं सोडली, म्हणून त्यांचं पाणी टिकलं नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या गावात वेगळी असेल: धनगर. तुमच्या पट्ट्यातून, फलटण-बारामतीकडून त्यांचे कित्येक वाडे, म्हणजे कळपांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे गट, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी मेंढ्या बसवून घेतात, कारण रात्रभर बसलेल्या कळपाचं खत विकतच्या पोत्याला मागे टाकतं. सरसकट, कायमची चराईबंदी केली तर पहिला घाव या लोकांवर पडतो, आणि गायरानाचा ठराव करणाऱ्या सभेत ते बहुधा नसतात. त्यांना बोलावून घ्या. त्यांच्या परतीची वेळ धरूनच कोणता तुकडा कधी बंद ठेवायचा ते ठरवा. परतणाऱ्या कळपांसाठी एक वाट आणि एक तुकडा मोकळा हवाच. चराई पूर्ण थांबवलेला माळही बिघडतो. जुनं गवत साठतं, उन्हाळ्यात वणवा लागतो, झुडपं माजतात. मेंढी, गवत आणि लांडगा हे या माळावर शतकानुशतकं एकत्र राहिलेत, यातलं एक काढलं की बाकी दोन डगमगतात. वनखात्याच्या जमिनीच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तो फक्त आदिवासी भागांपुरता आहे असा समज गावोगाव दिसतो, तो चुकीचा आहे.

सौर प्रकल्पाबद्दल. मी सौरऊर्जेच्या बाजूचा माणूस आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही केवढी गोष्ट आहे हे रात्री साप-विंचवातून मोटार चालू करायला गेलेल्यालाच कळतं. पण एक मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते, ती सपाट केली जाते, भोवती कुंपण येतं, गवत तणनाशकाने मारलं जातं, पॅनेल धुवायला पाणी लागतं. हे सगळं गायरानावर का? तुमच्या पट्ट्यात याहून चांगली जागा आहे. नीरा डाव्या कालव्याला १८८० च्या दशकात पाणी सुटलं आणि काही दशकांतच खालच्या काळ्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. आज कालव्याखाली, ओढ्याच्या खोलगट भागात असे क्षारपड, चोपण तुकडे आहेत जिथे वर्षानुवर्षं पीक नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दर वर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. वीज उपकेंद्राजवळच्या अशा चोपण जमिनीच्या मालकाला ते भाडं मिळू द्या. त्याच्या शेतात आज काहीच येत नाही, आणि गायरानावर शंभर घरांची जनावरं जगतात. अर्थात क्षारपड म्हणजे कायमची मेलेली असंही नाही. सांगली-कोल्हापूरकडे भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकून अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्यात. म्हणून सर्वांत बिघडलेले तुकडेच निवडा. जुन्या दगडखाणी, मुरमाच्या खाणी, गोदामांची छपरं हेही पर्याय आहेत. आणि वरून निर्णय होऊन प्रकल्प गायरानावरच आला, तर निदान एवढं लिहून घ्या: सपाटीकरण नाही, तणनाशक नाही, आणि पॅनेलखाली मेंढ्या चारायला मुभा. असं जगात बऱ्याच ठिकाणी चालतं, मेंढ्या गवत आटोक्यात ठेवतात.

मुरमाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गायरानं संपण्याचं तुमच्या भागातलं सर्वांत वेगवान कारण झाडं किंवा पॅनेल नसून मुरूम उपसा आहे. हायवेचा भराव, प्लॉटिंगचे रस्ते, सगळ्यांना मुरूम हवा आणि तो रात्रीतून माळावरून उचलला जातो. त्या खड्ड्यात परत गवत येत नाही. घनवनाच्या प्रस्तावावर जितकी चर्चा होते तितकी यावर झाली तर बरं.

आता शेती. याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. एक साधं गणित करू. पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर पाच हजार घनमीटर पाणी, तेही सगळं साठवता आलं असं धरून. ऊस त्याच्या पूर्ण काळात दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी घेतो, म्हणजे हेक्टरी वीस-पंचवीस हजार घनमीटर. म्हणजे एक हेक्टर ऊस चार-पाच हेक्टरांवरचा सगळा पाऊस पितो, आणि त्या चार-पाच हेक्टरांवर गवताला, झाडाला, विहिरीला, माणसाला काहीच उरत नाही असं मानावं लागतं. कालव्याचं पाणी नसलेल्या शिवारात हा ऊस कुठून येतो? शेजाऱ्याच्या विहिरीतून. आपला काळा पाषाण पाणी धरून ठेवण्यात कंजूस आहे, त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात आकारमानाच्या एक ते तीन टक्केच पाणी मावतं. एकाने खोल बोअर घेतला की आजूबाजूच्या चार विहिरी उताराला लागतात.

शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी अडवणारं शेततळं चांगलं. पण प्लास्टिकचा कागद टाकलेलं आणि विहिरीतून उपसून भरलेलं तळं म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं, सर्वांच्या वाटणीचं पाणी वर आणून एकाच्या नावावर करणं. आपल्या हवेत उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर बाष्प उडून जातं. अनुदान कागदाच्या मापावर मिळतं, तळ्यात पाणी कुठून आलं हे कुणी विचारत नाही. ग्रामसभा विचारू शकते. ऊस बंद करा असं सांगायला मी बसलेलो नाही, ज्याच्या घरात दुसरं नगदी पीक नाही त्याला ते सांगणं सोपं नसतं. पण कालव्याबाहेरच्या क्षेत्रात नवा ऊस नको, ठिबकाशिवाय अजिबात नको, आणि काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी, हरभरा, बरड म्हणजे हलक्या मुरमाड रानात सीताफळ, बाजरी, मटकी यांना पाण्याचा पहिला हक्क, एवढं तरी ठरवता येतं. मालदांडी जमिनीतल्या ओलीवर येते आणि वर कडबा देते. गायरानावरचा भार कडब्याने हलका होतो, म्हणून शेतीचं हे सूत्र माळाशी जोडलेलं आहे.

ओढ्याच्या खोलीकरणाबद्दल एवढंच: गाळ काढा, पाषाण फोडू नका. मुरमाचा थर खरवडून काढला की पाणी मुरण्याऐवजी एका खड्ड्यात साचतं, आणि वरच्या अंगाच्या विहिरींचं पाणी ओढ्याकडे निघून येतं.

प्लॉटिंगबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय, कारण तिथली चूक दुरुस्त होत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सर्वांनी पाहिलं. पाऊस मोठा होता, पण माणसं मेली ती ओढ्याच्या जागेत भिंती, पूल आणि इमारती उभ्या राहिल्या म्हणून. शहर वाढताना ओढा आधी अरुंद झाला, मग वळला, मग नकाशावर एक बारीक रेघ उरला. तुमच्या गावात हेच आता सुरू होतंय, फक्त अजून भिंती उभ्या राहिल्या नाहीत. सातबारावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा, म्हणून लिहिलेला ओढ्याकाठचा पट्टा प्लॉटवाल्याला फुकटची जमीन वाटते. जुना गाव नकाशा काढा. त्यात ओढा, पाणंद, गाडीवाट, शिव सगळं आखलेलं असतं. त्यावर गावातल्या जुन्या माणसांना विचारून मोठ्या पुराची हद्द उतरवा आणि त्या हद्दीच्या आत काहीही बांधायचं नाही असा ठराव करा. परवानगी कुठल्याही कार्यालयाने दिलेली असो, गावाची हरकत लेखी नोंदलेली असली की पुढे न्यायालयात तिचं वजन पडतं.

वस्ती वाढणारच, तिला जागा द्यायला हवी. ती कुठे द्यायची हे मातीच सांगते. काळी भारी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात. पिकासाठी मात्र तीच सोनं आहे. गावठाणाला लागून असलेलं खासगी बरड रान घरासाठी चांगलं, पिकासाठी बेताचं. म्हणजे घर कुठे बांधायचं आणि पीक कुठे घ्यायचं याचं उत्तर एकच येतं, आणि तरीही हायवेच्या कडेची काळी रानं आधी विकली जातात, कारण भाव मातीवर ठरत नाही, रस्त्यापासूनच्या अंतरावर ठरतो. पंचायतीने गावठाणवाढीची जागा स्वतः पुढे होऊन सुचवली तर हा ओघ काही प्रमाणात वळवता येतो.

शहर तुमच्या गावापासून लांब आहे असं समजू नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. भिगवणच्या ज्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला लोक येतात, त्याच पाण्यात शहराचा मैला असतो, आणि तेच पुढे शेतीला, नळाला जातं. शहरात जमीन कशी वापरली जाते याचा हिशोब दीडशे किलोमीटर खाली चुकता होतो. कचऱ्याचंही तसंच. गावाच्या कडेला, माळावर हॉटेलांचा आणि कोंबड्यांचा कचरा टाकला की तिथे मोकाट कुत्री वाढतात. ती चिंकाऱ्याची पिल्लं मारतात, मेंढ्या मारतात, दोष लांडग्यावर जातो. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची जनुकीय खात्री २०२३ मध्ये झाली. आपल्या माळावरचा लांडगा बंदुकीशिवाय, नुसत्या कचऱ्याच्या ढिगापायी संपू शकतो. म्हणून गायरानाच्या ठरावात कचऱ्याचं कलम हवंच.

कायद्याची बाजू थोडक्यात. गायरान सरकारच्या मालकीचं, ग्रामपंचायतीच्या ताब्यातलं असतं. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाला परत द्याव्यात असे निर्देश सर्व राज्यांना दिले. हा निकाल तुमच्या बाजूचा आहे, त्याची प्रत दप्तरात ठेवा. त्यात एक नाजूक गोष्ट आहे: गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली भूमिहीन कुटुंबं असतात, आणि राज्याने त्यांच्यातल्या काहींची अतिक्रमणं पूर्वी नियमितही केली आहेत. त्यांना आणि काल आलेल्या प्लॉटवाल्याला एका मापाने मोजू नका. दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली तुमच्या गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीही. बऱ्याच गावांत ती कुणीतरी भरून दिलेली, कपाटात पडलेली असते. ती बाहेर काढा आणि गवताच्या जाती, लांडग्याच्या बिळांची जागा (नेमकी खूण न देता), पखुर्डीच्या पाणवठ्याची जागा, चराईची रीत हे सगळं गावकऱ्यांच्या तोंडून लिहून काढा. याच कायद्याखाली जैविक वारसा स्थळ जाहीर होतं. सिंधुदुर्गात बांबर्डेची पाणथळ राई २०२१ मध्ये अशी जाहीर झाली, तिचं क्षेत्र अडीच हेक्टरच्या जरा वर. जागा छोटी म्हणून संरक्षण मिळत नाही असं नाही.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता. या पावसाळ्यात, गवत कमरेला येण्याआधी, ग्रामसेवक, तलाठी, दोन मेंढपाळ, गवत-सरपण आणणाऱ्या दोन-तीन बायका आणि शाळेतली वरच्या वर्गातली मुलं यांना घेऊन शिवार चाला. ठिकठिकाणी फावड्याने खड्डा घ्या आणि मातीची खोली मोजा. साडेसात सेंटिमीटरच्या आत, साडेबावीसपर्यंत, पंचेचाळीसपर्यंत, नव्वदपर्यंत, त्यापुढे, अशा पाच पायऱ्या मृद्संधारणवाले वापरतात, त्याच वापरा. गाव नकाशावर पाच रंग भरा. पहिले दोन रंग गवताचे, तिसरा बरड पिकांचा आणि घरांचा, शेवटचे दोन फक्त शेतीचे, आणि ओढ्याचा पट्टा या सगळ्यांतून वगळलेला. तो नकाशा चावडीच्या भिंतीवर रंगवा. मग कुणीही कुठलाही प्रस्ताव घेऊन आला तर त्याला भिंतीकडे नेऊन विचारायचं, यातल्या कुठल्या रंगावर तुमचं काम येतं?

पुढच्या ग्रामसभेत ठराव एकच आणा, पण त्यात तारखा, नावं आणि पैसे लिहा: गायरानाचा कोणता तुकडा कधी बंद आणि कधी मोकळा, राखणदार कोण, त्याचा पगार गवताच्या कोणत्या शुल्कातून, परतणाऱ्या वाड्यांची वाट कुठली, मुरूम उचलणाऱ्याला दंड किती, कचरा कुठे. ठरावाची प्रत तहसीलदार, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि गटविकास अधिकारी यांच्याकडे पोच घेऊन द्या. सौर प्रकल्पवाल्याला उपकेंद्राजवळच्या चोपण जमिनींच्या मालकांशी भेट घालून द्या. कंपनीला पाठवायचं पत्र सभा झाल्यावरच लिहा, कारण तेव्हा ते एका सदस्याचं मत राहणार नाही, आणि त्यासोबत ओढाकाठच्या झाडांचा खर्चाचा अंदाज जोडा.